यकृताचा जमाखर्च आणि सरासरीचा आकडा

आहारशास्त्राने मुक्रर केलेली पोषकद्रव्यांची प्रमाणे सरकारी फर्मानांप्रमाणे सर्वांस सरसकट लागू पडतात, असा समज सुशिक्षितांतही दृढमूल आहे. परंतु ते आकडे कोणाच्या देहावरून काढले गेले, याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. कोलीनचेच पाहा. 1998 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने या द्रव्यास आवश्यक पोषकांत दाखल करून प्रौढ पुरुषांसाठी दररोज 550 आणि स्त्रियांसाठी 425 मिलिग्रॅम ही मात्रा पुरेशी ठरविली खरी, पण तिचा मुख्य आधार पुरुषांवर झालेला एकच प्रयोग होता, आणि स्त्रियांचा आकडा त्यावरूनच वजनाच्या हिशेबाने बेतलेला होता.

वस्तुतः स्त्रीदेहाची व्यवस्था निराळी आहे. ‘पेम्ट’ या जनुकापासून घडणारे यकृतातील विकर एका स्निग्ध रेणूवर तीन मिथिल गट चढवून फॉस्फॅटिडिलकोलीन निर्माण करते, आणि नव्याने कोलीन घडविण्याचा शरीरापाशी असलेला मार्ग हा एवढाच. या द्रव्याची तूट पडली, की यकृतातील चरबीची रक्तात रवानगी नीट होत नाही आणि ती तेथेच साचते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक या जनुकास कार्यप्रवृत्त करते, म्हणूनच उत्तर कॅरोलिना विद्यापीठातील स्टीव्हन झायझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यल्प कोलीनचा आहार देऊन केलेल्या आणि 2007 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 77 टक्के पुरुषांना व 80 टक्के रजोनिवृत्त स्त्रियांना यकृताचा वा स्नायूंचा विकार जडला, तर रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांत हे प्रमाण 44 टक्के राहिले. मात्र या जनुकाच्या नियंत्रक भागात ज्यांच्या वाट्यास एका अक्षराचा विशिष्ट फरक आला, त्या स्त्रियांच्या यकृतात इस्ट्रोजेनचा अंमल चालत नाही, आणि तारुण्यातही त्यांना कोलीनसाठी अन्नावरच विसंबावे लागते.

यावरून प्रत्येकीने जनुकतपासणीची दुकाने धुंडाळावीत, असा निष्कर्ष काढणे मला अनुचित वाटते. जनुक बदलता येत नाही, ताट बदलता येते. शिवाय वर सांगितलेले मिथिल गट पुरविण्याच्या कामी फोलेट आणि बी-12 यांचीही गरज लागते, आणि पुणे परिसरातील गर्भवतींत बी-12 ची कमतरता सर्रास आढळते, हे के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या दीर्घ संशोधनाने दाखविलेच आहे. एका अंड्यात सुमारे 150 मिलिग्रॅम कोलीन असते आणि बी-12 देखील. अंडे न खाणाऱ्यांस सोयाबीन, शेंगदाणे, हरभरे आणि दूध यांतून काही भरपाई करता येते. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना चौरस आहार देणाऱ्या अमृत आहार योजनेसारख्या तजविजी म्हणूनच मोलाच्या आहेत. सरासरीच्या आकड्यात न मावणाऱ्या स्त्रीस हुडकून काढणे शासनास साधणार नाही. म्हणून मातांच्या ताटाचे माप ठरविताना जिची गरज सर्वाधिक तिचीच गरज प्रमाण मानावी, हाच न्यायाचा आणि शहाणपणाचाही मार्ग होय.