वरातीमागून घोडे नको

नवजात बाळाच्या पाठीवर पातळ पडद्याची पिशवी दिसताच प्रसूतिगृहात जी शांतता पसरते, ती प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या परिचयाची आहे. त्यानंतर येणारा प्रश्नही ठरलेलाच. “डॉक्टरसाहेब, ग्रहणात हिने काही चिरलं असेल, त्यामुळे तर नाही ना?” प्रश्न सासूबाई विचारतात; मान मात्र सुनेची खाली जाते.

या व्यंगाला स्पायना बायफिडा, म्हणजेच दुभंगलेला कणा, असे म्हणतात. गर्भाच्या पाठीवरील चपटी पट्टी वळून तिची नळी बनते आणि गर्भधारणेपासून साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत ती मिटते. याच नळीपासून पुढे मेंदू व मज्जारज्जू घडतात. खालच्या भागात ती उघडी राहिली, तर पाय दुर्बल होतात, लघवी व शौचावर ताबा राहत नाही, पुष्कळदा डोक्यात पाणी साठते. याचा ग्रहणाशी काडीचाही संबंध नाही. आनुवंशिकता, फॉलिक अ‍ॅसिडची कमतरता, अनियंत्रित मधुमेह, फिट्‌सवरील व्हॅल्प्रोएटसारखे औषध ही त्याची ज्ञात कारणे होत.

असे मूल आधी झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतल्यास पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी टळते, हे ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या अभ्यासाने १९९१ साली सिद्ध केले. १९९८ पासून अमेरिका व कॅनडा येथे पिठात ते मिसळणे सक्तीचे झाले. आपल्याकडे पिठासाठी तशी सक्ती नाही. म्हणून गोळीवरच भिस्त. आणि ती आपण लिहून देतो केव्हा? पाळी चुकल्यावर, नाव नोंदविताना, म्हणजे बहुधा दुसऱ्या महिन्यात. तोवर ती नळी मिटलेली तरी असते किंवा कायमची उघडी राहिलेली असते.

या दोषातून मी स्वतःला वगळत नाही. असे व्यंग असलेल्या एका मुलाला त्याची आई वर्षानुवर्षे माझ्याकडे आणीत होती. त्याची शस्त्रक्रिया, शंट, लसी, शाळा, सारे आम्ही बोललो. एके दिवशी ती तीन महिन्यांची गर्भवती होऊन आली. दुसऱ्या मुलाचा विचार आहे का, हे मी कधी विचारलेच नव्हते. अशा मातेला गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४ मिलिग्रॅमची मोठी मात्रा द्यावयाची असते. सुदैवाने मुलगी निर्व्यंग जन्मली. ते श्रेय दैवाचे, माझे नव्हे.

इतर बहुतेक स्त्रियांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरते. गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून पहिले तीन महिने. हे सांगणे केवळ स्त्रीरोगतज्ज्ञांचे काम नव्हे. फॅमिली डॉक्टरांनी विवाहाच्या आमंत्रणाबरोबरच हा विषय काढावा. आम्ही बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या बाळाच्या लसीकरणाच्या वेळी. आपल्या मंडळाच्या वधूवर मेळाव्यात पत्रिकेइतकी चर्चा याचीही व्हावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणाबरोबर माहितीची एक चिठ्ठी दिली, तर बिघडले कुठे?

मात्र एक पथ्य पाळावे. गोळी घेऊनही काही बाळांत हे व्यंग उद्भवतेच. तेव्हा ग्रहणाच्या जागी “गोळी घेतली नाहीस” हा नवा ठपका आईवर ठेवू नये. वेळेवर सांगण्याची जबाबदारी आपली आहे.