नवे अंगठेबहाद्दर

ज्यास सही करता येत नसे, त्यास पूर्वी अंगठेबहाद्दर म्हणत. आता पदवीधर माणसेही लेखन न वाचताच मोबाईलवर अंगठा उमटवून मोकळी होतात, आणि आमचे लेखक ते अंगठे मोजत बसतात!

सप्टेंबर २०१९ मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली आणि समाजमाध्यमांवर विरोधाची राळ उडाली. धर्मगुरू म्हणजे धर्मांतर, एवढ्यावरच निकाल! त्यांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार लाभला होता. ते उघडून पाहण्याची तसदी कोण घेतो? निंदकांचे सोडा. आपल्या कुटुंबांनी काय केले? संतापाचे संदेश या गटातून त्या गटात ढकलले. पुस्तक किती घरांत आले? जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवात) फादरांनी ते अध्यक्षपद भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले, तेव्हाही जोडलेल्या हातांची चित्रेच फिरली.

आमच्या करकंबला पारावर कोणी कोणास नावे ठेवली, तर दुसऱ्या दिवशी पंढरपूरच्या एसटीत त्याच्याच शेजारी बसण्याची पाळी येते. मोबाईलवरील निंदकास ती भीड नाही, स्तुतिपाठकासही नाही. अशांच्या भरवशावर लेखणी चालविणे आम्हांस मान्य नाही. तरुण लेखकांनो, सकाळी सुचलेली कविता दुपारी फेसबुकवर टाकू नका. महिनाभर वहीत राहू द्या, खोडा, मग या त्रैमासिकाकडे धाडा. आणि पालकहो, मुलाच्या प्रथम कम्युनिअनला यंदा घड्याळाऐवजी दिब्रिटोंचे एक पुस्तक द्या.