चौदा वर्षांच्या मुलीचा जाब

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला, तेव्हा तो लिहिणारी मुक्ता साळवे जेमतेम चौदा वर्षांची होती. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेली ही मांग समाजातली मुलगी सरळ जाब विचारते, की वेद वाचायची आम्हाला बंदी, तर मग आमचा धर्म कोणता? पुढे ती बाळंतिणींवर येते. डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात उघड्यावर बाळंतपण. जात आणि बाईपण एकाच देहाला कसं छळतं, हे तिने जवळून पाहिलं होतं.

मुक्ताचा तो जाब आज आमच्या दारातही उभा आहे. आमचं जयसिंगपूर शाहू महाराजांनी वडिलांच्या नावाने वसवलं. मार्च १९२० मध्ये महाराज बाबासाहेबांसोबत अस्पृश्यांच्या ज्या परिषदेला उभे राहिले, ते माणगावही इथून जवळच. तरीही गळीत हंगाम आला की आपल्याच शिवारात पालं पडतात. बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांत दलित, भटकी कुटुंबं मोठ्या संख्येने असतात. आई पहाटेच फडात जाते. पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन पाल राखते आणि तिकडे गावाकडे तिची शाळा बुडते. इथे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, आगाऊ उचलही जोडीला मिळते. त्या पोरीचं लग्न कोवळ्या वयात का उरकतात, याचं एक मोठं कारण या हिशोबात आहे.

दराच्या लढ्यासाठी जयसिंगपुरात ऊस परिषद भरते. त्या व्यासपीठावर यंदा अशा एका मुलीला माईक द्यावा, ही आमची कळकळीची मागणी. आमच्या पुढच्या अंकाची पहिली चार पानंही या मुलींसाठी राखली आहेत. जिला लिहिता येत नाही, तिचं आम्ही पालावर जाऊन उतरवून घेऊ.