करमणुकीचे वावडे

मालिका, कॉमिक्स आणि व्हिडिओ गेम यांनी आमचा वाचक पळवला, हे वाक्य मराठीच्या चर्चासत्रांत हमखास ऐकू येते. ते उच्चारणाऱ्याने शेवटचे दोन प्रकार बहुधा पाहिलेले नसतात आणि पहिला तो घरी रोज पाहत असतो. आम्हीही वर्गात हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. आज ते मागे घेत आहोत.

ह. ना. आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी आपण मराठी वास्तववादाचा पाया म्हणून शिकवतो. ती क्रमशः प्रसिद्ध झाली, आणि ज्या साप्ताहिकातून झाली त्याचे नाव होते 'करमणूक' (आरंभ १८९०). यमूचे पुढे काय होणार ही उत्कंठा त्या कादंबरीतील कारुण्याला मारक ठरली नाही. उलट, वाट पाहणाऱ्या वाचकाला तिने यमूच्या घरात बसवून ठेवले. आपट्यांना करमणुकीची लाज नव्हती. ती आपण नंतर कमावली.

'लोकप्रिय माध्यमांकडून शिका' म्हटले की काही लेखक प्रकरणाच्या शेवटी पिस्तूल काढतात. तो मार्ग आम्हांस अभिप्रेत नाही. दैनंदिन मालिकेचा रतीब गोष्ट संपू न देण्याच्या हिशेबावर चालतो; त्यातून कथाकाराने काय घ्यायचे? असो. घ्यायचे ते वाचकावरील विश्वासाचे तंत्र, आणि ते कॉमिक्सवाल्यांना आपल्याहून अधिक अवगत आहे.

स्कॉट मॅक्लाउड यांच्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' (१९९३) या पुस्तकात दोन चौकटींचे एक उदाहरण आहे. पहिलीत उगारलेली कुऱ्हाड, दुसरीत रात्रीचे शहर आणि एक किंकाळी. घाव कोठेही काढलेला नाही. मधल्या कोऱ्या पट्टीत तो वाचकानेच घातला. आर्ट स्पीगलमन यांच्या 'माउस'च्या आरंभी म्हातारा बाप व्यायामाच्या सायकलवर पॅडल मारत मुलाशी बोलतो आणि त्याच्या हातावर गोंदलेला छळछावणीचा क्रमांक आपल्याला दिसतो. त्यावर कोणी भाष्य करीत नाही. मराठी कथेत याच जागी बापाच्या डोळ्यांत अनाम वेदना दाटून आली असती, आणि वेदनेचा अर्थ पुढील परिच्छेदात उलगडला असता.

गेमचे नाव काढताच आमचे सहकारी हसतात. त्यांनी लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) खेळून पाहावा. खेळणारा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरचा तपासनीस असतो. जितकी माणसे तपासाल तितके वेतन. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना ताकीद, पुढे दंड. संध्याकाळी त्याच पैशांत घरच्यांचे अन्न, ऊब आणि औषध भागवायचे. एके दिवशी कागदपत्रे बिनचूक असलेला नवरा पुढे जातो. मागून आलेल्या बायकोकडे प्रवेशपत्र नाही, आणि परत पाठवल्यास आपल्याला ठार मारतील असे ती सांगते. शिक्का तुमच्या हातात आहे आणि मागे रांग वाढते आहे. सरकारी खुर्चीतल्या माणसाच्या निबरपणावर आपल्याकडे कथा कमी नाहीत, पण त्या आपल्याला त्याचा राग करायला शिकवतात. इथे तो निबरपणा दोन घटकांत आपल्याच मनगटात उतरतो. कथेला शिक्का देता येत नाही, हे खरे. पण घरात औषधाला पैसे नाहीत हा तपशील रांगेच्या आधी ठेवता येतो, आणि निवाडा करणारे वाक्य गाळता येते.

ते वाक्य कथेत येते कोठून? आम्हांस वाटते, आमच्याच प्रश्नपत्रिकांतून. 'कथेचे आशयसूत्र स्पष्ट करा' असे वर्षानुवर्षे विचारल्यावर लिहू पाहणारा विद्यार्थी ते आपणच स्पष्ट करून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने शिधापत्रिकेच्या खिडकीवरून तिसऱ्यांदा परतणाऱ्या बाईची कथा लिहिली होती. बाई फाटकाबाहेर येते, पदराच्या गाठीतले पैसे मोजते, आणि बसथांब्याकडे न वळता चालू लागते. कथा तेथेच संपत होती. आम्ही समासात लिहिले, 'शेवट अधिक स्पष्ट हवा'. तिने आज्ञाधारकपणे एक परिच्छेद जोडला; त्यात व्यवस्था होती, शोषण होते, बाईचे हताश अश्रूही होते. महाविद्यालयाच्या वार्षिकांकात ती दुसरी प्रत छापली गेली. पहिली आम्ही जपून ठेवली नाही.