भुई हालली, पण कचेरी हालेना!



हिंवाळा लागला म्हणजे शहरांतल्या रहिवाशांना सूचना पोंचूं लागतात. पाणी कोणत्या दिवशीं बंद, रस्ता कोठें खोदला, भूकंपाचा धक्का बसल्यास काय करावें, हें सारें त्यांच्या मोबाईलवर येतें. त्यांना तें मिळतें ह्याबद्दल आमचें पोट दुखत नाहीं. आमचा सवाल निराळा आहे. ज्या पाड्यांखालची भुई हालते, त्या पाड्यांवर हाच कागद सर्वांच्या मागून कां पोंचतो, आणि पोंचला तर कोणालाही न कळणाऱ्या भाषेंत कां पोंचतो?

मी धाकटी डहाणूचा शाळामास्तर. आमचा गांव खाडीच्या कांठचा, बोंबील वाळवून पोट भरणारा. पण आंत डोंगराकडे धुंदलवाडी, हळदपाडा, चिंचले, सासवंद ह्या गांवांवर नोव्हेंबर २०१८ पासून जें गुदरलें तें आम्हीं जवळून पाहिलें आहे. आधीं तोफ डागल्यासारखा आवाज, मग पायांखालीं थरथर. एका दिवसांत अनेक धक्के. घरांत निजावें तर भिंतीची भीति, बाहेर निजावें तर थंडीची. १ फेब्रुवारी १९ रोजीं म्हणजे २०१९ च्या त्या शुक्रवारीं धक्क्यांमागून धक्के बसले, त्यांतला एक ४ अंकांच्या वर गेला, आणि त्या धांवपळींत दोन वर्षांची एक मुलगी दगावली. भिंत तिच्या अंगावर पडली नाहीं. घरांतून बाहेर पळतांना ती पडली व डोक्याला मार बसला. ही गोष्ट प्रत्येक आईबापानें नीट ध्यानांत धरावी.

त्यानंतर तंबू आले, केंद्राचें आपत्ति दल आलें, हैदराबादच्या भूभौतिक संस्थेचे शास्त्रज्ञ यंत्रें घेऊन आले. शास्त्रज्ञांनीं सांगितलें कीं हा लहान लहान धक्क्यांचा थवा आहे. पावसाचें पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतें, तेंही ह्याचें एक कारण असावें असें त्यांतल्या कांहींचें मत आहे. देवी कोपली, कोणी करणी केली, ह्या बोलण्यांत कांहीं अर्थ नाहीं. भुईच्या पोटांतली घडामोड नवससायासांनीं थांबत नाहीं.

आतां त्या सूचनेच्या कागदाची कथा ऐका. त्या दिवसांत एका कचेरीचा छापील कागद माझ्या हातीं आला. त्यांत लिहिलें होतें, 'भूकंपसमयीं मजबूत मेजाखालीं आश्रय घ्यावा, उद्वाहनाचा वापर टाळावा.' मी तो एका पाड्यावर वाचून दाखविला. एक म्हातारी आजी म्हणाली, "गुरुजी, मेज म्हणजे काय?" मीं सांगितलें. तेव्हां ती म्हणाली, "आमच्या घरांत चूल आहे, कणगी आहे, पाटा आहे. ह्यांतल्या कशाखालीं शिरूं?" उद्वाहन म्हणजे वरखालीं नेणारा पाळणा, हें तर मीं तिला सांगितलेंच नाहीं. मला लाज वाटली. ज्याला हा कागद लिहिण्याचा पगार मिळतो, त्याला ती वाटली कीं नाहीं कोण जाणे!

बंधूंनो, धक्क्यानें माणूस मरत नाहीं, घरानें मरतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटें, ऐन थंडींत, कोयनानगर हादरलें व पावणेदोनशेंच्या वर माणसें गेलीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें किल्लारीस मरणारांचा सरकारी आंकडा आठ हजारांच्या घरांत गेला. तेथें जाड दगडाच्या, मातींत रचलेल्या भिंती होत्या आणि वर मातीचें जड माळवद होतें. गाढ झोपेंतल्या माणसांवर तेंच कोसळलें. मोजमापाचा एक अंक वाढला कीं भूकंपाची शक्ति सुमारें बत्तीस पट वाढते. ह्या हिशेबानें आमच्याकडचे धक्के किल्लारीच्या मानानें फार लहान. तरीही भिंतींना तडे गेले! मग दोष भुईचा अधिक, कीं बांधणीचा?

आमच्या वारली बांधवांचें जुनें कुडाचें घर पाहा. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप, लाकडाचे खांब, हलकें छप्पर. तें हालतें, डुलतें, लेप गळतो, पण सहसा माणसाला चिरडीत नाहीं. त्या घराला शहाण्यांनीं मागासलेलें ठरविलें व विटांचें घरकुल दिलें. पक्कें घर हवेंच, त्याला कोण नको म्हणतो? पण २०१६ सालीं प्रधानमंत्री आवास योजना निघाली तेव्हां सपाट मुलखांतल्या घरासाठीं १ लाख २० हजार रुपये ठरले. तेवढ्यांत वीट, वाळू, सिमेंट, पत्रे आणि मजुरी बसवावयाची. मग काटछाट कोठें होते? जेथें डोळ्यांना दिसत नाहीं तेथें. जोत्यावर लोखंडी सळ्यांचा सिमेंट पट्टा नाहीं, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर पट्टा नाहीं, कोपऱ्यांत दोन भिंती एकमेकींना बांधलेल्या नाहींत. हा पट्टा म्हणजे पिंपाला कडें असतें तसा. कडें काढलें कीं फळ्या सुटतात. गवंडी बंधूंनो, ही विद्या तुमच्या हातची आहे. ती तुम्हांला फुकट शिकवा असें सरकारला ठणकावून सांगा, आणि शिकलांत म्हणजे पट्ट्यावांचून भिंत उचलूं नका.

हिंवाळ्यांत आणखी एक घात आहे. दिवाळी झाली कीं कित्येक कुटुंबें वीटभट्टीवर जातात. पाड्यावर राहतात म्हातारीं आणि लेंकरें. भट्टीवरची खोपटी म्हणजे चुन्यामातीवांचून एकावर एक रचलेल्या विटा. धक्का बसला तर पहिली तीच ढांसळणार. ह्या माणसांचें नांव गांवच्या यादींत आहे म्हणून भट्टीच्या गांवानें विचारावयाचें नाहीं, आणि तीं येथें नाहींत म्हणून आमच्या गांवानें विचारावयाचें नाहीं! दोन यादींच्या मधल्या फटींत माणूस थंडीनें कांकडत असतो.

म्हणून कचेरीनें जें लिहावयास हवें होतें तें मी येथें लिहितों. घर मातीचें वा साध्या विटांचें असेल आणि दार दोन पावलांवर असेल, तर धक्का बसतांच उघड्यावर या. दार दूर असेल तर भिंतीपासून सरकून डोकें हातांनीं झांका. दाराच्या वाटेंत पाटा, दगड, हंडा ठेवूं नका. उंबऱ्याबाहेरचे धोंडे आजच काढा. लहान मूल आधीं कोणी उचलावयाचें हें निजण्यापूर्वीं ठरवून ठेवा. बाज भिंतीला लावूं नका, डोक्यावरच्या फळीवर जड भांडीं नकोत. बाहेर निजावयाचें तर खालीं पेंढा वा गोणपाट घाला, कारण अंगांतली ऊब भुईच अधिक ओढून घेते. तान्हें मूल आईच्या अंगाशीं, टोपडें घालून असावें. आणि तंबूंत किंवा बंद खोपटींत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधींही निजूं नका. त्या कोळशाचा विषारी वायु दिसत नाहीं, त्याला वास नाहीं, आणि झोपलेला माणूस झोपेंतच जातो. शेकोटी बाहेर, पेंढ्यापासून दूर, आणि निजतांना विझवून.

एवढें लिहावयास किती शाई लागली? मग कचेरीला तें कां जमूं नये? विचारलें तर उत्तर ठरलेलें: 'लोक अडाणी आहेत, सांगून ऐकत नाहींत.' अहो, ज्याला आभाळ पाहून वारा कळतो, भरतीची वेळ बोटांवर सांगतां येते, तो अडाणी, आणि ज्याला आपल्या तालुक्यांत किती घरांत टेबल आहे हें ठाऊक नाहीं तो शहाणा! सांगणाराला सांगतां येत नाहीं, म्हणून ऐकणाराला बहिरा ठरवावयाचें, ही जुनी युक्ति आहे.

कायदा तर आमच्या बाजूचा आहे. २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यानें जिल्हा प्राधिकरणावर कलेक्टर अध्यक्ष, पण सहअध्यक्ष लोकांनीं निवडून दिलेला. त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमानें ग्रामपंचायतीसह प्रत्येक स्थानिक संस्थेवर काम लादलें आहे: नोकरांना तयार करणें, साधनें सज्ज ठेवणें, आपल्या हद्दींतलीं बांधकामें मानकांप्रमाणें होतात कीं नाहीं हें पाहणें. डहाणू-तलासरी हा अनुसूचित प्रदेश, म्हणून १९९६ चा पेसा कायदाही येथें आहे. त्याप्रमाणें योजना आधीं ग्रामसभेनें मंजूर करावयाची, आणि पैसा खर्च झाल्याचा दाखलाही ग्रामसभेनेंच द्यावयाचा. एखादा पाडासुद्धां स्वतःची ग्रामसभा मागूं शकतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं निराळा झाला तो कचेरी लोकांजवळ यावी म्हणून. इमारत जवळ आली. कान जवळ आला काय?

आतां थोडें आपल्या पदरचें बोलतों, राग मानूं नका. ग्रामसभेच्या दिवशीं आपण कोठें असतों? वहींत अंगठे उमटतात, ओटीवर माणसें नसतात. सही मागावयास कोणी घरीं आला कीं न वाचतां देतों. आपणच न वाचतां दाखला दिला, तर खर्च कोठें झाला हें कोणत्या तोंडानें विचारावें? ज्या दिवशीं बायाबापड्यांसह सारा पाडा ग्रामसभेंत बसेल, त्या दिवशीं कागदाची भाषा आपोआप सोपी होईल.

तर येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेंत पांच ठराव मांडा. प्रत्येक पाड्यावर सूचना लोकांच्या बोलींत दवंडी देऊन व वाचून सांगावी. दर वर्षीं दिवाळीपूर्वीं घरांची, शाळेची व अंगणवाडीची पाहणी होऊन धोक्याच्या भिंतींची यादी चावडीवर लावावी. तंबू, ताडपत्री व कांबळीं तालुक्याच्या कोठारांत न ठेवतां गांवांत ठेवावीं. गवंड्यांना पट्टा बांधण्याचें शिक्षण मजुरी देऊन द्यावें व घरकुलाच्या रकमेंत पट्ट्याचा खर्च धरावा. भट्टीवर गेलेल्यांची वेगळी नोंद ठेवावी व ती भट्टीच्या गांवाला कळवावी.

हे ठराव वहींत लिहून घ्या, वाचून घ्या, आणि मगच सही करा. मास्तर म्हणून मी जेथें बोलवाल तेथें वाचावयास येईन. भुई पुन्हा कधीं हालेल हें शास्त्रज्ञालाही सांगतां येत नाहीं. कचेरी केव्हां हालवावयाची, हें मात्र आपल्याच हातीं आहे.