दोन रंग, एक माजघर

दिवाळी जवळ आली की फराळाच्या आधी घरात रंगाचा वाद शिजू लागतो. आमच्याकडे यंदा माजघरावरून दोन तट पडले. चिरंजीवांना गर्द हिरवा हवा, सौभाग्यवतींना पांढरा चुना.

हिरव्याची बाजू लंगडी नव्हती. धाराशिवच्या वैशाखातून घरात येणाऱ्याला गर्द भिंत पाहूनच बरे वाटते. शिवाय तिच्यावर डाग दिसत नाहीत. पण हा गारवा डोळ्यांपुरता. अंगाला गारवा मिळतो तो जाड भिंतींमुळे आणि डोक्यावरच्या मातीच्या माळवदामुळे. रंगाने ऊन परतवायचेच असेल, तर पांढरा रंग बाहेरून द्यावा.

चुन्याची खोड सर्वांना ठाऊक आहे: टेकले की सदरा पांढरा! त्यावर डिंकाच्या पाण्याचा उतारा जुना आहे. ओला हात पाणचट दिसतो म्हणून घाबरू नये. वाळता वाळता चुना उजळतो. चिमूटभर निळीने पिवळट झाकही जाते.

निकाल लावला तो उजेडाने. पांढरी भिंत अंगावर पडलेल्या उजेडाच्या शंभर हिश्श्यांपैकी सुमारे ऐंशी परत देते; गर्द हिरवी जेमतेम दहा-पंधरा. आमच्या माजघराला खिडकी एकच, तीही लहानशी. आणि तिथे दिवसभर बसते ती माझी ऐंशी वर्षांची आई. गेल्या आषाढात ती उंबऱ्याला ठेचकाळून पडली. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीच्या डोळ्यांत विशीतल्या डोळ्यांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. ऐंशीची गोष्ट तर सोडाच.

तरी सगळेच पांढरे करू नये. भिंत, चौकट, उंबरा एकजात पांढरे झाले, तर अधू नजरेला कड कळत नाही. म्हणून आम्ही भिंतीला चुना दिला आणि पायथ्याच्या पट्ट्याला व उंबऱ्याला गेरू. आता आई काठी न आपटता उंबरा ओलांडते.

तेव्हा वाचकहो, रंगारी बोलावण्याआधी दोन फळ्यांवर दोन रंग लावा. दुपारी आणि दिवेलागणीला त्या खोलीत ठेवा, आणि जे माणूस तिथे सर्वांत जास्त वेळ बसते, त्याला आधी विचारा. पाहुणे काय, चहा पिऊन जातात.