वेदनेचा इलाज परभणीतच हवा

रात्री मुंबईकडे जाणाऱ्या देवगिरी एक्सप्रेसची वाट पाहत, परभणीच्या फलाटावर गोधडीची घडी पोटाशी दाबून व गुडघे छातीशी घेऊन बसलेला सोनपेठ-पालमकडचा एखादा शेतकरी, आणि तपासण्यांच्या कागदांची पिशवी सांभाळीत शेजारी बसलेला त्याचा मुलगा, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना कर्करोगाच्या वेदनेविषयी अधिक सांगणे नलगे. रोग हटणार नाही हे त्याला कळून चुकलेले असते. तरीही तो पुन्हा निघतो, तो रात्री दोन तास पाठ टेकता यावी एवढ्याचसाठी.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटातून पाठीत आरपार जाणारी ही कळ मज्जातंतूंच्या ज्या जाळ्यातून वर जाते, ते जाळे कमरेच्या पहिल्या मणक्यापुढे, महारोहिणीला बिलगून असते. क्ष-किरणांच्या अथवा सोनोग्राफीच्या साह्याने तेथवर बारीक सुई नेऊन, प्रथम बधिर करणारे औषध व मग मद्यार्क सोडला, की वेदनेची ती वाट पुष्कळ अंशी बंद होते. माक्स काप्पिस या जर्मन शल्यविशारदाने हे जाळे बधिर करण्याची रीत १९१४ साली मांडली, म्हणजे या विद्येला शतक उलटून गेले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ओटीपोटातील जाळ्यावर, आणि तंबाखूने ज्यांचा जबडा पोखरला त्यांच्या चेहऱ्याच्या मज्जातंतूवर असाच इलाज करता येतो. आराम बहुधा काही महिन्यांचा असतो. रक्तदाब उतरणे, काही दिवस जुलाब होणे, क्वचित पायांतील शक्ती जाणे हे धोके आहेत, व ते रुग्णाला त्याच्या बोलीत आधीच सांगितले पाहिजेत. मात्र सर्व उपाय थकल्यावर सुईकडे वळण्याचा प्रघात आम्हास मान्य नाही, कारण रोग चहूकडे पसरल्यावर तिचा गुण उणावतो.

सुई आली म्हणून मॉर्फिनची गरज सरत नाही. मात्रा तेवढी कमी करता येते. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकविणाऱ्या या देशात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या धाकाने हे औषध रुग्णापासून दुरावले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचा गुंता सोडवून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवण्याची मुभा दिली, तरी मनातला धाक अद्याप पुरता गेलेला नाही.

परभणीत २०२३ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे या सुईच्या कामी वेगळ्या इमारतीची जरुरी नाही. ते मूलतः भूलतज्ज्ञाचे आहे, आणि मोडलेले हाड बसविताना वापरतात तेच फिरते क्ष-किरण यंत्र येथेही चालते. तेव्हा भूलतज्ज्ञांना मुंबईच्या टाटा रुग्णालयात या विद्येच्या शिक्षणासाठी धाडण्याची, मॉर्फिनचा साठा व त्याची नोंदवही चोख राखण्याची, आणि आठवड्यातून एक ठराविक वार केवळ वेदनेच्या रुग्णांसाठी राखून त्याची वर्दी जिंतूर, गंगाखेड, पूर्णा येथील शासकीय रुग्णालयांना देण्याची तजवीज सरकारने याच वर्षाच्या अंदाजपत्रकात करावी. म्हणजे सोनपेठचा रुग्ण सकाळच्या एसटीने येईल, सुई घेऊन एक रात्र निगराणीखाली राहील, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या घरी जाऊन पाठ टेकील.